दादा, तो शब्द ‘तृण’ होता

दादा, तुला जाऊन आज महिना होत आला. तेराव्याला घरात माणसं मावली नाहीत. शाळेतले सगळे मास्तर आले, कचेरीतले कारकून आले, तू ज्यांना वर्गाबाहेर उभं करायचास ती, आता मिशा फुटलेली, मुलं आली. जो तो तुझी विद्वत्ता सांगत होता. ‘असा माणूस बारामतीत पुन्हा होणे नाही,’ असं निदान दहा जण मला म्हणाले. मी मागल्या पडवीत पत्रावळी पुसत मान हलवत राहिले.

मी रडले नाही. वहिनींना वाटलं, मला धक्का बसलाय. धक्का नाही, दादा. मला तुझा राग आलेला आहे. तू गेलास म्हणून तो जाईल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. उलट आता तो काढायचा कुणावर, हेच कळेना. म्हणून हे लिहिते आहे. तू वाचणार नाहीस, हे ठाऊक आहे. तसा तू असतानाही माझं लिहिलेलं वाचायचास ते चुका काढायलाच.

आधी चांगलं सांगते, म्हणजे नंतर मला कुणी कृतघ्न म्हणायला नको. ह्यांना विषमज्वरानं नेलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दहाव्या दिवशी सासरची मंडळी न्हाव्याला घेऊन दारात आली. तू उंबऱ्यावर उभा राहिलास. हातात काठी नव्हती, छत्री होती. ‘आधी माझं डोकं भादरा, मग हिच्याकडे वळा,’ म्हणालास. आपले काका म्हणाले, ‘लोक काय म्हणतील?’ तू म्हणालास, ‘लोकांना मी उत्तर देईन.’ न्हावी बिचारा आपली धोकटी काखेत मारून आला तसा गेला. माझे केस आजही डोक्यावर आहेत, ते तुझ्यामुळे. मला इंग्रजी तू शिकवलंस, मोडी तू शिकवलीस, दगडावरची जुनी अक्षरं कशी ओळखायची तेही तूच शिकवलंस. ‘कृष्णे, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे,’ म्हणालास आणि तुझ्या ग्रंथाची शुद्ध प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं.

‘साम्राज्ये आणि ऋण’. पाच वेळा उतरवला मी तो ग्रंथ. राजा आधी लढाया करतो. लढायांना पैसा पुरत नाही म्हणून कर्ज काढतो. कर्ज फिटत नाही म्हणून नाण्यातली चांदी कमी करतो. रोमच्या बादशहांनी ती इतकी कमी केली की शेवटी तांब्यावर नुसता मुलामा राहिला. मग राजा वसुली इजाऱ्यानं, म्हणजे मक्त्यानं, देतो आणि इजारदार रयतेला पिळून काढतो. शिपायांचे पगार थकतात. शेवटी राज्य कुणाचं, तर ज्याचं देणं असेल त्याचं. रोम असं गेलं, देवगिरी अशी गेली, पेशवाई अशी गेली. आणि आता इंग्रजही त्याच वाटेनं निघालाय: महायुद्धाचं कर्ज डोक्यावर, आगगाडीचं कर्ज डोक्यावर, आणि वर दिल्लीला नवी राजधानी. ‘दहा वर्षं. फार तर पंधरा,’ असं म्हणून तू चष्मा पुसायचास. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा.

पण मला शंका होत्या, आणि शंका विचारायलाही तूच शिकवलं होतंस. आठवतं, एकदा आपण कालव्याच्या भरावावरून चाललो होतो? ह्यांनी त्याच कालव्यावर ओव्हरसियर म्हणून नोकरी केली होती, म्हणून मला तिकडून जायला आवडायचं.

‘दादा, हा कालवाही सरकारनं कर्ज काढूनच खणला ना?’

‘मग?’

‘मग ह्या कर्जानं कोण बुडालं? खाली बघ, ऊस उभा आहे.’

‘पाणी डोळ्यांना दिसतं, कृष्णे. व्याज दिसत नाही.’

‘आणि माझ्याकडे आहेत तसे सरकारी कर्जरोखे रोमकडे तरी कुठं होते? कुठल्या रोमन विधवेला बादशहा दर सहामाहीला व्याज देत होता? त्या राजाला पैसा हवा झाला की तो सावकाराची मान धरायचा. इथं सरकारला लोकांचा विश्वास लागतो. मग दोघं एक कसे?’

तू चालता चालता थांबलास. मला अजून दिसतोस तू तसा, छत्री काखेत धरून पाण्याकडे बघणारा. ‘प्रश्न चांगला आहे. उत्तर देतो तुला,’ म्हणालास.

ते उत्तर आलं नाही. पुढच्या प्रकरणात मात्र माझा प्रश्न आला. ‘काही अर्धशिक्षित लोक असा आक्षेप घेतात की...’ अशी त्याची सुरुवात होती. ते वाक्य मला माझ्याच हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात उतरवावं लागलं.

त्या व्याजाचंही एकदा बोलायला हवं. ह्यांच्या फंडाचे पैसे आले तेव्हा त्यांच्या कचेरीतल्या एका सज्जन हेडक्लार्कनं त्यांचे सरकारी रोखे घेऊन दिले होते. दर सहामाहीला मी स्वतः मामलेदार कचेरीत जायची, खजिन्याच्या खिडकीशी उभी राहून सही करायची आणि व्याज घेऊन यायची. रक्कम मोठी नव्हती. पण माझं लुगडं, माझी पुस्तकं, वहिनींच्या मुलांचा खाऊ त्यातून होत असे, आणि कुणापुढे हात पसरावा लागत नसे. मला इंग्रजाचं प्रेम नव्हतं. मीही खादीच नेसत होते. पण वर्षभर थोडं मागे टाकून पुढच्या जूनमध्ये पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचं आणि मास्तरीण व्हायचं, हे मी त्या खिडकीशी उभी राहूनच ठरवलं होतं.

विलायतेनं सोनं सोडल्याची बातमी आली त्या दिवशी तू वर्तमानपत्र हातात धरून धावतच स्वयंपाकघरात आलास. ‘नोटेच्या बदल्यात आता सोनं देणार नाहीत! सुरुवात झाली, कृष्णे. हेच ते. आता तुझे रोखे वर्षभरात रद्दी.’ रोख्यांचा भाव पडलेला होता. घाबरलेली माणसं पडत्या भावात विकत होती, आणि त्या माणसांत तू मला नेऊन उभं केलंस. मी म्हटलं, ‘थोडं थांबू या.’ तू म्हणालास, ‘रोममध्येही लोक हेच म्हणाले होते.’ रोमचं नाव काढल्यावर तुझ्याशी कोण वाद घालणार?

आलेले पैसे तू तुझ्या वर्गमित्राच्या गुळाच्या अडतीत ठेवलेस. ‘सरकार म्हणजे नुसता कागद. हा जिवंत माणूस आहे.’ त्या साली गुळाचा भाव जो उतरला तो उतरतच गेला. दीड वर्षात अडत बुडाली आणि जिवंत माणूस मुंबईला निघून गेला. साम्राज्य मात्र, ज्यांनी रोखे विकले नव्हते त्यांना, ठरल्या दिवशी व्याज देत राहिलं. रोख्यांचा भावही पुन्हा चढला. मी पुण्याचं नाव काढलं तर तू म्हणालास, ‘माझ्या घरात तुला काय कमी आहे?’ काही कमी नव्हतं, दादा. फक्त ते तुझं घर होतं.

तरी हे सगळं मी पचवलं असतं. चुकतो माणूस. भलं करायला गेलास आणि चुकलास, असं म्हणून मी गप्प बसले असते. पळसदेवचं पचवता आलं नाही.

तुला कुणीतरी सांगितलं होतं की पळसदेवला भीमेकाठच्या जुन्या देवळात एक शिलालेख आहे आणि तो कुणी नीट वाचलेला नाही. भिगवणपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं मोटारीनं आपण दोघं गेलो. उन्हाळ्याचे दिवस होते, नदी पार खाली गेली होती. मी दगड घासून धुतला, तू ओला कागद त्यावर चापून बसवलास, वरून शाईचा बोळा फिरवलास, आणि अक्षरं एकेक करून पांढरी उमटायला लागली. तेव्हा तुझा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्या घटकेला मला तू फार आवडला होतास, हेही लिहून ठेवते.

देवळाचे गुरव सखातात्या शेजारी पायरीवर बसून बघत होते. ते म्हणाले, ‘मास्तर, येवढं काय बघताय दगडात? आमचा आजा सांगायचा, हितं गायरानाचं लिवलंय म्हून. देवाच्या गायांच्या चाऱ्यापायी राजानं रान दिलंय. ते काय, तितं बाभळीपातुर.’

‘ऐकीव गोष्टींवर इतिहास होत नसतो, तात्या.’

‘न्हाय व्हत तर न्हाय. पर गाया आजून तितंच चरत्यात.’

तू हसलास. मीही हसले. मग ठशावरून मी उतारा करायला बसले. तिसऱ्या ओळीत मी ‘तृण’ लिहिलं. तू वाकून पाहिलंस.

‘तृण नव्हे, ऋण. नीट बघ.’

‘दादा, त आहे. उभी रेघ स्पष्ट दिसतेय.’

‘ती दगडाची भेग आहे. जरा डोकं चालव. राजा दगडावर गवत कशाला कोरेल? ऋण लिही.’

मी ‘तृण’ खोडलं आणि ‘ऋण’ लिहिलं. तिथं मी चुकले, हे मला मान्य आहे. डोळ्यांना त दिसत असताना मी तुझं ऐकलं.

त्या एका शब्दावर तू अख्खं प्रकरण उभं केलंस. देवगिरीच्या राजानं देवस्थानाकडून कर्ज घेतलं, त्यासाठी रान गहाण टाकलं, म्हणजे कर्जानं राज्य आतून पोखरत चाललं होतं आणि त्याचा पुरावा थेट इंदापूर तालुक्यात सापडला! इंदापूरच्या वाचनालयात तुझं व्याख्यान ठेवलं. दिवाणखाना भरला होता. आम्ही बायका उजव्या हाताला पडद्याआड बसलो होतो. तू दीड तास बोललास, आणि सुंदर बोललास. रोमच्या नाण्यापासून निघून तू पळसदेवच्या दगडापाशी आलास तेव्हा सभेत कुणी हूं की चूं केलं नाही.

मग नरसिंहपूरचे शास्त्रीबुवा उठले. वाकलेले, कानानं अधू, पण नजर शाबूत. म्हणाले, ‘मास्तर, तो ठसा जरा खिडकीशी धरता?’ तू धरलास. त्यांनी बोटानं अक्षरं चाचपली. ‘हे ऋण नव्हे. तृण आहे. पुढं ‘गवां’ आहे, बघा. गाईंसाठी गवत. हे दान आहे, मास्तर. कर्ज नव्हे.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘मास्तरांनी गवतावर राज्य बुडवलं की!’ आणि सगळा दिवाणखाना हसला.

तू लाल झालास. पडद्याच्या फटीतून मला तुझा चेहरा दिसत होता. मला वाटलं, आता हसून म्हणेल, ‘चुकलो बुवा.’ तू घसा साफ केलास आणि म्हणालास, ‘उतारा माझ्या बहिणीनं केलेला आहे. मी तिच्यावर विसंबलो. बायकांच्या हातून असं व्हायचंच. ताडून पाहिलं नाही, एवढा माझा दोष.’

लोकांना ते लगेच पटलं. ठसा तुझ्या हातात होता, त्यावर त होता, आणि ठसा काही मी लिहिलेला नव्हता. पण एवढा विचार कोण करतो? बाई चुकली म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पडद्याआड माझ्या शेजारची बाई जराशी सरकून बसली.

परतताना मोटारीत तू बाहेर बघत होतास. भिगवण जवळ आलं तेव्हा म्हणालास, ‘शास्त्रीबुवांची नजर तेज आहे हो अजून.’ एवढंच. त्यानंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही.

तुझ्याच ग्रंथात लिहिलं आहेस: अडचणीत आलेला राजा आपलं देणं कबूल करत नाही, नाणं हलकं करतो. त्या दिवशी तू मला हलकं केलंस.

त्याची किंमत मी दिली. इंदापुरात मुलींचा वर्ग निघणार होता. ट्रेनिंग नसलं तरी लिहितावाचता येणारी बाई हवी होती. मी तुला न विचारता अर्ज केला होता. कमिटीतले दोघे जण त्या सभेला हजर होते. ‘त्या का? उताऱ्यात चुका करणाऱ्या?’ असं म्हणून अर्ज बाजूला ठेवल्याचं माझ्या कानावर आलं. तुला सांगितलं तर तू म्हणालास, ‘बरं झालं. एवढ्या लांब एकटी कुठं राहिली असतीस?’ दादा, तुला खरंच कळलं नव्हतं, की कळून तू तसं बोललास? हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसरं असेल तर तुझं तोंड पाहू नये असं वाटतं, आणि आता तर पाहायचं म्हटलं तरी दिसणार नाही.

शेवटचे दोन महिने दम्यानं तुला आडवं होऊ दिलं नाही. लोडाला टेकून बसायचास. दुपारी वहिनी जरा पडल्या की मी तुझ्याजवळ बसायची. ‘रोम वाच,’ म्हणायचास. मी वाचायची. तू डोळे मिटून ऐकायचास आणि मध्येच हातानं खूण करून शब्द बदलायला सांगायचास. एका दुपारी मी वाचायचं थांबले. तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघत राहिलास.

‘कृष्णे.’

‘काय, दादा?’

‘पाणी दे.’

मी पाणी दिलं. तू घोटभर प्यालास आणि पुन्हा डोळे मिटलेस. त्यानंतर चौथ्या दिवशी गेलास.

तेराव्यानंतर दोनच दिवसांनी वाचनालयाचे चिटणीस घरी आले. शोकसभा ठेवायची आहे आणि ग्रंथ वर्गणीतून छापायचा आहे, हस्तलिखित द्या, म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘देते. पण सभेत मी बोलणार.’ चिटणीस चपापले. विधवा बाई पुरुषांच्या सभेत बोलणार! वहिनी म्हणाल्या, ‘त्या बोलणार नसतील तर हस्तलिखित मिळायचं नाही.’ मला त्यांचं नवल वाटलं.

परवा ती सभा झाली. ह्या वेळी मी पडद्याआड बसले नाही. सगळे तुझ्याबद्दल बोलून झाल्यावर मी उठले. म्हटलं, ‘ग्रंथातलं पळसदेवचं प्रकरण मी काढून टाकलं आहे. त्याचा उतारा मी आधी बरोबर केला होता. ‘ऋण’ हे वाचन दादाचं होतं. त्याच्या सांगण्यावरून मी अक्षर बदललं, हा माझा दोष. पण वाचता न येऊन मी चुकले, असं जे इथं सांगितलं गेलं ते खोटं आहे.’

एक वकील उठले. ‘बाई, माणूस गेला. आता हे कशाला?’

‘माणूस होता तेव्हा तुम्ही मला विचारलं नाहीत, म्हणून.’

शास्त्रीबुवांनी शेजाऱ्याकडून सगळं पुन्हा ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मला तेव्हाच वाटलं होतं. ठशात स्पष्ट होतं.’

‘मग आपण बोलला का नाहीत?’

‘मास्तरांचा मान होता, मुली.’

सगळ्यांनी तुझा मान राखला, दादा. तो कुणाच्या जिवावर राखला जातोय, हे एकानंही पाहिलं नाही. टाळी पडली नाही. अध्यक्षांनी घाईघाईनं तुझ्या तसबिरीला हार घातला आणि सभा संपली.

हस्तलिखित दिलं मी. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे, रोमचा एक शब्दही बदललेला नाही. फक्त एका ठिकाणी ‘काही अर्धशिक्षित लोक’ खोडलं आणि ‘माझी बहीण कृष्णा’ असं लिहिलं. तेवढा हक्क मी घेतला. जूनमध्ये मी पुण्याला जाणार आहे. पाटल्या मोडल्या. त्या ह्यांनी केलेल्या होत्या, तुझ्या नव्हेत, म्हणून तुला विचारण्याचा प्रश्न नव्हता.

परतीच्या मोटारीत वहिनी माझ्या शेजारी होत्या. सभेत मी बोलले ते त्यांच्या नवऱ्याविरुद्ध, तेही त्याला जाऊन महिना झालेला नसताना. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्याच म्हणाल्या, ‘वन्सं, मला ठाऊक होतं.’

‘काय?’

‘शब्द तुम्ही बरोबर लिहिला होता ते. त्या व्याख्यानानंतर आठच दिवसांनी त्यांनी सांगितलं मला. घास उतरत नव्हता त्यांना.’

‘आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात?’

‘शपथ घातली होती. मी म्हटलं, मला काय सांगता, तिला सांगा. चारदा ते तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले नि माघारी आले.’ वहिनींनी पदरानं डोळे टिपले. ‘मी विचारलंसुद्धा, आपल्याच बहिणीशी बोलायला एवढं अवघड काय आहे? तर म्हणाले, एवढं एक कबूल केलं की कृष्णा माझं दुसरं काहीच खरं मानायची नाही.’

वहिनींना वाटलं असेल, आता हिचा राग गेला. तो दुप्पट झाला, दादा. तुला दिसत होतं, सलत होतं, दारापर्यंत येता येत होतं, आणि तरी तू मला त्या पडद्याआड तशीच बसवून ठेवलंस.

आणि तुझा हिशेबही चुकला. तू एकदा दार ढकलून आत आला असतास आणि म्हणाला असतास, ‘कृष्णे, तिथं तृण होतं,’ तर बाकीचं सगळं मी खरं मानलं असतं. रोमसुद्धा.